फुकट उतरवलेले आणि छापायला मोकळे

वाचकाचे पत्र (थोडक्यात) : मी मूळचा खानापूर तालुक्यातला, वय २७, नोकरी बेळगावात. टिळकवाडीत एका मित्राच्या खोलीवर आम्ही सहाजण गेली चार वर्षे दर रविवारी रोलप्लेइंग गेम खेळतो. एकजण खेळमास्तर होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे आपापले पात्र होऊन बोलतात आणि अडेल तिथे फासे टाकतात. नियम इंग्रजीत असल्यामुळे नव्या मुलांना जड जात होते, म्हणून मी त्यांचे मराठी केले. शिवाय हलशी आणि भीमगडाच्या परिसरात घडणारे एक साहस स्वतः लिहिले. इंटरनेटवर फुकट मिळालेली आणखी तीन साहसे मराठीत आणून जोडली. अशी एकूण ९६ पाने झाली आहेत : नियम ४०, माझे साहस २२, ती तीन साहसे ३० आणि पात्रांचे तक्ते ४. बेळगावातल्या एका छापखान्याने १०० प्रतींना प्रत्येकी १४० रुपये, ५०० प्रतींना ८५ आणि १००० प्रतींना ६२ रुपये दर सांगितला आहे. वडील म्हणतात, ‘छापायचंच तर हजार काढ की, स्वस्त पडतंय.’ पुस्तक साहित्य संमेलनांतून विकावे असा विचार आहे. एका पुस्तक विक्रेत्याशीही बोललो, तो ३५ टक्के कमिशन मागतो. सगळे साहित्य मुळात फुकटच असल्यामुळे परवानगीचा प्रश्न येणार नाही, असे मी धरून चाललो आहे. माझे काही चुकते आहे का?
— दऱ्याखोऱ्यांतला खेळमास्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले शेवटून दुसरे वाक्य मी दोनदा वाचले, कारण ९६ पानांचे हे सगळे काम त्या एका समजुतीवर उभे आहे आणि ती समजूत अर्धीच खरी आहे. एखादी गोष्ट कोणी फुकट वाचायला दिली म्हणजे ती छापण्याची, भाषांतर करण्याची किंवा विकण्याची मुभा दिली असे होत नाही. शेजाऱ्याने विहिरीचे पाणी भरू दिले म्हणून आपण त्याच्या विहिरीवर पंप बसवत नाही, तसेच हे आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रती काढणे, त्या लोकांपर्यंत पोचवणे आणि भाषांतर करणे हे वेगवेगळे हक्क आहेत, ते सगळे मूळ लेखकाकडे असतात आणि त्याने लेखी मुभा दिली असेल तेवढ्यापुरतेच ते आपल्याकडे येतात. त्यामुळे छापखान्याशी पुढचे बोलण्याआधी तुमच्या ९६ पानांपैकी कोणते पान कोणाचे आहे याची झडती घेतली पाहिजे. नियमांच्या पानांची छायाप्रत आणि तिन्ही साहसांची शेवटची पाने तुम्ही पत्रासोबत जोडलीत हे बरे केले. त्यावरून बरेचसे कळते.

आधी ४० पानांच्या नियमांचे पाहू. तुमचा खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीवर बेतलेला आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ साली अमेरिकेत हा खेळ प्रथम प्रसिद्ध केला. पुढे तो विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे आला आणि तिने २००० सालापासून खेळाचा गाभा ‘ओपन गेम लायसन्स’ या परवान्याखाली इतरांना वापरायला दिला. तो परवाना बदलण्याच्या हालचालींवरून जानेवारी २०२३ मध्ये मोठा गदारोळ उठला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस कंपनीने ‘सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१’ हा नियमांचा दस्तऐवज ‘क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्यूशन ४.०’ परवान्याखाली खुला केला. क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे लेखकाने आपले काम इतरांना वापरू देण्यासाठीचे तयार परवाने. हा परवाना उदार आहे. भाषांतर करा, बदल करा, छापा, विका, सगळे चालते. अट मुख्यतः श्रेयाची आहे. शिवाय एकदा दिलेला हा परवाना मागे घेता येत नाही, त्यामुळे उद्या कंपनीचे मन बदलले तरी तुमच्या मराठी पानांना धोका नाही.

अडचण निराळीच आहे. तो दस्तऐवज म्हणजे दुकानात मिळणारे संपूर्ण नियमपुस्तक नव्हे. त्यात पात्रांचे बाराही वर्ग आहेत, पण प्रत्येक वर्गाचा एकच उपप्रकार दिला आहे. योद्ध्याचा ‘चॅम्पियन’ आहे, ‘बॅटल मास्टर’ नाही. तुमच्या २३ ते २६ या पानांवर मात्र बॅटल मास्टर त्याच्या सगळ्या डावपेचांसह मराठीत अवतरला आहे. याचा अर्थ ती साडेतीन पाने तुम्ही खुल्या दस्तऐवजावरून केलेली नसून कोणाच्या तरी मोबाइलमधल्या मुख्य पुस्तकावरून केलेली आहेत. तुमच्या खोलीवर ती खुशाल खेळा. छापील आणि विकाऊ पुस्तकात ती राहता कामा नयेत. हीच तपासणी प्रत्येक पानाची करा : खुला दस्तऐवज एका बाजूला, तुमचे भाषांतर दुसऱ्या बाजूला, आणि ज्या परिच्छेदाचे मूळ दस्तऐवजात सापडत नाही त्यावर लाल पेन. पात्रांच्या पार्श्वभूमीचे प्रकरण विशेष जपून पाहा, कारण खुल्या दस्तऐवजात नमुन्यादाखल एकच पार्श्वभूमी आहे आणि तुमच्याकडे सात दिसतात. त्या सातही तुमच्या स्वतःच्या असतील, म्हणजे निपाणीचा तंबाखू व्यापारी हा प्रकार काही अमेरिकेतून आलेला नसणार, तर उत्तमच.

इथे एक बारकावा सांगतो, कारण तो तुमच्या सोयीचा आहे. खेळाची कल्पना किंवा रीत यांवर कॉपीराइट नसतो. तो शब्दांत, चित्रांत, मांडणीत असतो. वीस पैलूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या अंगचे बळ मिळवायचे आणि ठरलेला आकडा गाठला की काम फत्ते, ही रीत कोणाच्या मालकीची नाही, जशी सारीपाटावर सोंगटी मारायची रीत कोणाच्या मालकीची नाही. त्यामुळे बॅटल मास्टरऐवजी डावपेच लढवणारा तुमचा स्वतःचा योद्धा तुम्ही स्वतःच्या शब्दांत उभा करू शकता. इंग्रजी वाक्य समोर ठेवून त्याचे शब्द फिरवणे म्हणजे स्वतःचे लिहिणे नव्हे, एवढे मात्र लक्षात ठेवा.

श्रेयाचे वाक्य त्या दस्तऐवजाच्या सुरुवातीलाच दिलेले आहे. ते त्यातील दुव्यांसह जसेच्या तसे घ्या, खाली त्याचा मराठी अर्थ द्या आणि ‘या मजकुराचे मराठी भाषांतर केले असून त्यात बदल केले आहेत’ अशी एक ओळ जोडा, कारण बदल केल्याचे सांगणे हीदेखील परवान्याची अट आहे. मुखपृष्ठावर मात्र ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे नाव किंवा त्याचे बोधचिन्ह टाकू नका. परवाना मजकुराचा आहे, व्यापारचिन्हाचा नाही. ‘पाचव्या आवृत्तीशी सुसंगत’ एवढे म्हणण्याची मुभा त्या दस्तऐवजातच दिली आहे आणि ज्यांना हा खेळ माहीत आहे त्यांना तेवढ्यावरून सगळे कळते.

आता ती तीन साहसे. तिन्ही तुम्ही सारख्याच सहजतेने उतरवून घेतली असली तरी त्यांच्या शेवटच्या पानांवर तीन वेगवेगळ्या गोष्टी लिहिल्या आहेत. पहिल्यावर क्रिएटिव्ह कॉमन्सचाच ‘ॲट्रिब्यूशन-शेअरअलाइक’ परवाना आहे. ते भाषांतरून विकता येते, पण तुमचे भाषांतरही तुम्हाला त्याच परवान्याखाली सोडावे लागते, म्हणजे उद्या कोल्हापूरच्या कोणी ते उचलून छापले तर तक्रार करता येणार नाही. दुसऱ्यावर ‘नॉनकमर्शियल-नोडेरिव्हेटिव्ह्ज’ असे दोन शब्द आहेत. पहिला शब्द विक्री अडवतो. दुसरा सांगतो की बदललेली कृती वाटू नका. मराठी माणसासाठी तोच अधिक महत्त्वाचा, कारण भाषांतर हा मूळ कृतीत केलेला बदलच मानला जातो आणि म्हणून ते भाषांतर फुकट वाटायलाही या परवान्याने मुभा नाही. आपल्याकडे लोक ‘मी पैसे घेत नाही ना’ म्हणून निर्धास्त राहतात, ते इथे चालत नाही. तिसऱ्यावर परवाना असा काहीच नाही, नुसते ‘मोफत डाउनलोड’ आणि लेखकाचा ईमेल आहे. जिथे काही लिहिलेले नाही तिथे सगळे हक्क लेखकाकडे आहेत असेच समजायचे असते.

म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या लेखकाला पत्र लिहा. अशी पत्रे लिहायला आपली मुले संकोचतात. तुम्ही संकोचू नका, कारण आपली गोष्ट कर्नाटकातल्या एका खोलीत मराठीतून खेळली जाते हे वाचून लेखकाला बरे वाटण्याचीच शक्यता अधिक. मात्र पत्र नुसते गोड असून भागत नाही. मराठी भाषांतर, छापील आणि पीडीएफ दोन्ही रूपे, पहिल्या छपाईच्या प्रती १००, अंदाजे किंमत, मूळ चित्रे वापरणार की नाही, आणि पुस्तक निघाल्यावर एक प्रत पाठवणार, हे सगळे त्यात यावे. मुदत आणि प्रदेश या दोन गोष्टी तर मुद्दाम लिहून घ्या. आपल्या कायद्याप्रमाणे परवानगी लेखी असावी लागते, मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. उद्या अमेरिकेतल्या एखाद्या बेळगावकराने प्रत मागवली तर अडायला नको. आलेले उत्तर कागदावर छापून फाइलला लावा. उत्तर न येणे म्हणजे होकार नव्हे.

माझे मत विचाराल तर पहिल्या छपाईत ती तीनही साहसे घेऊच नका. तुमच्या संपूर्ण बाडात वाचावेसे वाटावे असे जर काही असेल तर ती तुमची स्वतःची २२ पाने आहेत. कदंबांची जुनी पलाशिका म्हणजे आजची हलशी, तिथल्या वराह-नरसिंहाच्या देवळातून हरवलेली घंटा आणि तिच्या मागावर भीमगडाच्या रानात शिरलेली टोळी, हे कोणत्याही भाषांतरातून आलेले नाही. घाटात वाट चुकल्यावर फाशाच्या प्रत्येक आकड्याला काय भेटते, याचा तुमचा तक्ता तर मी वाचता वाचता दोनदा फासे टाकून पाहिला. आधी जळवा आल्या, मग वनखात्याचा गार्ड. उधारीची ३० पाने याच्या शेजारी ठेवलीत तर पुस्तक जाड होईल, चांगले होईल असे नाही.

भाषेबद्दल एकच तक्रार आहे. ‘सेव्हिंग थ्रो’ला, म्हणजे संकटातून वाचण्यासाठी टाकायच्या फाशाला, तुम्ही ‘त्राणफेक’ म्हटले आहे. हा शब्द तुमच्या टेबलावर चार वर्षांत एकाने तरी उच्चारला आहे का? मला वाटते तुम्ही सगळे ‘सेव्ह टाक’ असे म्हणत असाल. मग तेच छापा. नियमपुस्तकातला शब्द खेळताना तोंडात बसला नाही तर नवा मुलगा पुस्तक मिटून शेजाऱ्याला विचारतो, आणि मग पुस्तक कशासाठी? याउलट ‘फासा’, ‘डाव’, ‘पाळी’, ‘जखम’ हे तुमचे शब्द अगदी नेमके बसले आहेत.

आता छपाई, जिथे माझे आयुष्य गेले. सहा फर्म्यांचे (सोळा पानांचा एक फर्मा) एक जाड पुस्तक करण्यापेक्षा दोन पुस्तिका करा, असे मी सुचवतो. कारण साधे आहे : नियम सगळ्यांनी वाचायचे असतात आणि साहस फक्त खेळमास्तराने. एकाच पुस्तकात दोन्ही असले तर जो खेळाडू नियम शोधायला पाने उलटेल त्याला घंटा कोणी नेली ते दिसणारच. नियमांची ४० पाने आणि साहसाची २२ अधिक दोन जादा अशी २४ पाने, दोन्ही आकडे चारने भाग जाणारे आहेत, त्यामुळे मध्ये पिन मारून पुस्तिका सहज होतात. पिन मारलेली पुस्तिका टेबलावर सपाट उघडी राहते, हाही फायदा आहे. पाठीला गोंद लावलेले परफेक्ट बाइंडिंग दिसायला रुबाबदार असते, पण ते आपोआप मिटते, मग त्यावर चहाचा कप ठेवावा लागतो आणि पुढे काय होते ते मी सांगायला नको. आकार डेमी अष्टमांश ठेवा, आत ७० जीएसएम वजनाचा मॅपलिथो कागद आणि मुखपृष्ठाला आर्ट कार्ड पुरे. पात्रांचे तक्ते बांधणीत न घालता सुटे द्या म्हणजे त्यांच्या झेरॉक्स काढता येतील. तुमच्या सहाजणांत दोघे घरी कन्नड बोलणारे आहेत असे तुम्ही लिहिले आहे. मग तक्ता मराठी-कन्नड असा दुभाषी करायला काय हरकत आहे? मूळ परवान्याला कन्नडचे वावडे नाही.

अक्षरजुळणीचा एक जुना घाव सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका मित्राचे गडवाटांवरचे पुस्तक छापायला दिले होते. मजकूर युनिकोडमध्ये होता, छापखान्याकडे जुना फॉन्ट होता आणि त्यांनी एका प्रोग्रॅममधून मजकूर त्या फॉन्टात पलटवून घेतला. पडद्यावर पहिली दोन पाने पाहून मी होकार दिला. तीनशे प्रती आल्या तेव्हा त्या पुस्तकातल्या सगळ्या ‘दऱ्या’ ‘दर्या’ झालेल्या होत्या, आणि सह्याद्रीच्या माथ्यावरून लेखकाला पावलोपावली खाली खोल समुद्र दिसत होता. दोष छापखान्याला देऊन उपयोग नव्हता, कारण प्रूफावर सही माझी होती. तुमचे तर टोपणनावच ‘दऱ्याखोऱ्यांतला’ आहे, तेव्हा सावध राहा. पानांची मांडणी युनिकोड चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच करा. फॉन्टही खुल्या परवान्याचा घ्या : ‘मुक्ता’, ‘शोभिका’ किंवा ‘टिरो देवनागरी मराठी’ यांपैकी कोणताही चालेल, आणि शेवटच्या फॉन्टात मराठी वळणाचे ल आणि श मिळतात. छापखान्याला फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफच द्या, म्हणजे पलटवापलटवीचा प्रश्न राहत नाही. प्रूफ कागदावर मागा आणि त्यातले तक्ते मोठ्याने वाचा. १ ते २० मधला एखादा आकडा गळला असेल तर तो डोळ्यांना दिसत नाही, जिभेला लागतो. तक्ता दोन पानांवर तुटणार नाही हेही पाहा.

चित्रांचे थोडक्यात. भीमगडाचा जो फोटो तुम्ही कुठूनसा उचलला आहे तो काढून टाका. नकाशा तुमच्या मामेबहिणीने शाईने काढला आहे, तो मुखपृष्ठावर घ्या आणि तिची लेखी संमती व नाव दोन्ही घ्या.

आयएसबीएन क्रमांक सक्तीचा नाही, पण ग्रंथालये आणि विक्रेते तो विचारतात. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी तो विनामूल्य देते आणि स्वतःचे पुस्तक स्वतः काढणाऱ्यालाही अर्ज करता येतो. तेव्हा क्रमांक मिळवून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. पुस्तकासोबत फाशांचा संच पेटीत घालून एकाच किमतीला विकायचा मोह मात्र आवरा. अशा मिश्र विक्रीवर त्यातल्या सर्वांत जास्त कर असलेल्या वस्तूचा दर लागू होतो, म्हणजे फाशांच्या नादात पुस्तकही करात ओढले जाते. फासे वेगळे विका, किंवा ज्यांच्याकडे वीस पैलूंचा फासा नाही त्यांनी डब्यात वीस चिठ्ठ्या टाकाव्यात अशी एक ओळ पुस्तकात घाला.

आता वडिलांच्या मुद्द्याकडे येतो. दराचे गणित त्यांनी बरोबर मांडले आहे. ऑफसेट छपाईत प्लेट आणि यंत्र लावणीचा खर्च एकदाच होतो आणि तो जितक्या प्रतींवर वाटला जाईल तितका दर उतरतो. पण ६२ रुपये ही छापलेल्या प्रतीची किंमत झाली, विकलेल्या प्रतीची नव्हे. हजार प्रतींचे ६२,००० रुपये भरलेत आणि पहिल्या वर्षात दीडशे विकल्या गेल्या तर प्रत्येक विकलेली प्रत तुम्हाला ४१३ रुपयांना पडली आणि साडेआठशे प्रती पावसाळ्यात पलंगाखाली दमट होत राहिल्या. खानापूरचा पाऊस कागदावर दया करत नाही. शिवाय या खेळाच्या नियमांत चुका असतातच आणि त्या इतरांनी खेळल्याशिवाय सापडत नाहीत. पहिल्या शंभर प्रती म्हणजे एका अर्थाने प्रूफच आहे. तेव्हा डिजिटल छपाईत शंभरच काढा.

संमेलनांचा विचार चांगला आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कारदगा इथल्या संमेलनांना पुस्तके पाहायला येणारी गर्दी खरीच असते, पण ती कादंबरी आणि चरित्र शोधत येते. तुमची पुस्तिका नुसती मांडून ठेवलीत तर लोक तिला मुलांचे गोष्टीचे पुस्तक समजून पुढे जातील. स्टॉलच्या कडेला एक टेबल, चार खुर्च्या आणि वीस मिनिटांत संपेल असा एक प्रसंग ठेवा. टेबलाभोवती उभे राहून बघणाऱ्यांतूनच तुमचे गिऱ्हाईक निघेल. पीडीएफ फुकट ठेवली तर छापील कोण घेईल, अशी शंका तुम्ही ताज्या कलमात घातली आहे. ज्यांना खेळायचे असते त्यांना टेबलावर कागद हवा असतो, तेव्हा ती चिंता करू नका.

आणि किंमत ठरवण्याआधी हातात खरोखर किती प्रती उरतात ते मोजा. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रसिद्धीपासून तीस दिवसांत स्वखर्चाने चार ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते : कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कोनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईचे केंद्रीय ग्रंथालय. प्रकाशक तुम्हीच आहात, म्हणजे हे काम तुमचेच. पाच मित्रांना पाच, मामेबहिणीला एक, दुरुस्त्यांसाठी स्वतःजवळ चार. उरल्या ८६. दोन पुस्तिकांचा नवा दर बहुधा कमी येईल, तरी जुन्या १४० रुपयांनीच हिशेब केला तर १४,००० रुपये या ८६ प्रतींतून यायचे आहेत, म्हणजे प्रतीमागे १६३. तुम्ही २०० रुपये किंमत योजली आहे. विक्रेत्याचे ३५ टक्के गेल्यावर तुमच्या हाती १३० येतील आणि दुकानातल्या प्रत्येक प्रतीमागे तुम्ही ३३ रुपये पदरचे घालाल. २५० ठेवलीत तर दुकानातून एकशे साडेबासष्ट, म्हणजे जेमतेम खर्च निघतो, आणि संमेलनातल्या टेबलावर स्वतः विकलेल्या प्रतीमागे ८७ रुपये उरतात. छापखान्याकडून ४० अधिक २४ पानांचा नवा दर मागवा. त्याआधी पाने २३ ते २६ वरचा बॅटल मास्टर काढून त्या जागी तुमचा स्वतःचा योद्धा घाला.